काखेत मोगरा आणि गावाला वळसा

फेब्रुवारी महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून दोन आवाज ऐकू येऊ लागतात. पहिला आवाज वेदीजवळून येतो. ‘व्हॅलेंटाइन डे’ हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, त्यापायी तरुण पिढी बहकत चालली आहे, आईवडिलांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, असे तो बजावतो. दुसरा आवाज आसनगाव स्टेशनबाहेरच्या, शहापूरच्या बाजारपेठेतल्या आणि मुरबाडच्या एस. टी. स्थानकासमोरच्या दुकानांतून येतो. बादलीत उभे केलेले लाल गुलाब, प्रत्येकाच्या अंगावर प्लॅस्टिकचा चकचकीत कागद, वर चंदेरी फीत. प्रेम असेल तर हे घ्या, नसेल तर पुढे चला, असा त्याचा सांगावा असतो.

माझे भांडण ह्या दोन्ही आवाजांशी आहे. पहिल्याला फुलात पाप दिसते, दुसऱ्याला भाव दिसतो. फूल मात्र दोघांनाही दिसत नाही.

आधी पहिल्या आवाजाचा समाचार घेतो, कारण तो आपल्या घरातला आहे. ज्या दिवसाला आपण परके म्हणून झिडकारतो, त्या दिवसाला नाव मिळाले आहे ते आपल्याच एका हुतात्म्याचे. तिसऱ्या शतकात रोमच्या फ्लामिनिया रस्त्यालगत ज्याला मूठमाती मिळाली, त्या संत व्हॅलेंटाइनविषयी इतिहासाला खात्रीने सांगता येण्यासारखे फारच थोडे आहे. सैनिकांची लग्ने त्याने चोरून लावली, तुरुंगातून प्रेमपत्र धाडले, ह्या कथा फार नंतरच्या. त्याचे नाव पाखरांच्या आणि माणसांच्या प्रीतीशी जोडले ते चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर आणि त्याच्या समकालीनांनी. हे सारे संदिग्ध असल्यामुळेच १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी सार्वत्रिक दिनदर्शिकेची फेररचना केली, तेव्हा व्हॅलेंटाइनचा सण तिच्यातून गळला. गंमत अशी की, ज्या पत्राने ही फेररचना जाहीर झाली त्या पत्रावर तारीख आहे १४ फेब्रुवारीची! संतांच्या यादीतून मात्र व्हॅलेंटाइनचे नाव कोणी पुसलेले नाही.

तेव्हा दिवस परका, हा आक्षेप टिकत नाही. तो अनैतिक आहे, हा दुसरा आक्षेपही मला पटत नाही. २०१४ साली नेमक्या ह्याच दिवशी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या संत पेत्राच्या चौकात विवाहाच्या उंबरठ्यावर असलेल्या हजारो जोडप्यांना भेटीस बोलाविले होते. ‘चालेल का?’, ‘आभारी आहे’ आणि ‘माफ कर’ हे तीन शब्द घरात जिवंत ठेवा, असे त्यांनी त्या जोडप्यांना सांगितले. आपण काय करतो? आपण १४ फेब्रुवारीच्या आधीच्या रविवारी धमकावतो. शतकाच्या वळणावर मुंबईत काही राजकीय संघटना भेटकार्डांच्या होळ्या करीत होत्या आणि दुकानांच्या काचा फुटत होत्या. २०२३ साली केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने ह्या दिवशी गायीला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि चार दिवसांत ते गुंडाळून ठेवले. त्या रांगेत आपण कशाला उभे राहावयाचे?

शिवाय, ज्यांच्याविषयी ही काळजी वाहिली जाते ती कॉलेजातली मुले आहेत. मला काळजी वाटते ती त्यांच्या बापांची. विवाह संस्काराच्या वेळी वेदीसमोर ज्यांनी सुखात आणि दुःखात साथ देण्याचे वचन दिले, त्यांतल्या किती पुरुषांनी लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत बायकोच्या हातात एक फूल ठेवले असेल? रौप्यमहोत्सवी विवाहाच्या मिस्साला हारतुरे येतात, ते मुले आणतात किंवा धर्मग्रामाची समिती आणते. नवरा बिचारा सुटाबुटात घामाघूम होऊन उभा असतो. घरभेटीच्या वेळी एका वयस्क गृहस्थांना मी हे बोलून दाखविले, तेव्हा ते मनापासून दचकले. म्हणाले, “फादर, ह्या वयात? लोक काय म्हणतील?” बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी भांड्यांचा आवाज थांबविला होता, एवढे मला ऐकू आले. फूल देण्याची लाज वाटते, ओरडण्याची वाटत नाही. ज्या घरात मुलाने बापाला आईसाठी कधी काही निवडून आणताना पाहिलेले नाही, त्या घरचा मुलगा बाजार सांगेल ते उचलणार. त्याला दोष देणारे आपण कोण?

आता दुसरा आवाज. बाजार म्हणतो, तरुणांनो, आम्ही तुम्हांला निवडीचे स्वातंत्र्य दिले. मला ह्यात निवड कुठेच दिसत नाही. एकच तारीख, एकच फूल, एकच रंग. देणारा कोण, घेणारी कोण, तिला गुलाब आवडतो की त्याच्या वासाने तिचे डोके उठते, ह्याची विचारपूस नाही. शाळेचा गणवेश आणि हा गुलाब ह्यांत मला फरक करता येत नाही. फरक असलाच तर एवढा की, गणवेशाचा भाव जूनच्या पहिल्या आठवड्यात असा कित्येक पटींनी चढत नाही.

हा गुलाब येतो कोठून? बहुतेक करून घाटावरून. पुणे जिल्ह्यातील मावळात, तळेगावच्या परिसरात, गेल्या तीन दशकांत हरितगृहांची मोठी वसाहत उभी राहिली. प्लॅस्टिकच्या छताखाली, ठिबकच्या नळीवर, ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ अशा नावांच्या लाल डच गुलाबांची शेती तेथे चालते. १४ फेब्रुवारीचा मुहूर्त साधावा म्हणून त्या झाडांची कापणी दिवस मोजून आधीच केली जाते. जानेवारीच्या अखेरीस फुले काढून शीतगृहात ठेवावयाची, खोकी भरावयाची; चांगला लांब दांडा परदेशी विमानात आणि उरलेला देशातल्या शहरांत. थोड्याफार फरकाने केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी युरोपसाठी आणि कोलंबियात अमेरिकेसाठी हेच चालते. फूल प्रवासात टिकावे, फुलदाणीत आठवडाभर मान ताठ ठेवावी, ह्या हिशेबाने ह्या जाती घडविल्या गेल्या. त्या हिशेबात सुगंध मागे पडला. नाकाशी धरून पाहा. बहुधा कागदाचाच वास येईल.

मावळचा शेतकरीही आपलाच आहे. कर्ज काढून, हवामानाशी झुंजून तो ही शेती करतो, त्याच्या पोटावर पाय द्यावा असे माझे म्हणणे नाही. परदेशी मूळ हाही माझ्या लेखी दोष नव्हे. ज्या झेंडूवाचून आपल्या शेजाऱ्यांचा दसरा होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. इथल्या मातीने त्याला दत्तक घेतले आणि इथल्या हातांनी वाढविले. माझा प्रश्न आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलांना आहे. बाबांनो, तुमच्या घरामागे काय उमलते, ते तुम्ही कधी पाहिले आहे काय?

कारण हा मोगऱ्याचा मुलूख होत चालला आहे. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील विक्रमगड, जव्हार ह्या भागांत मोगऱ्याने कितीतरी आदिवासी कुटुंबांना हात दिला, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांतही जेथे विहीर आहे, ओढा आहे, भातसा, काळू किंवा शाई नदीवर पंप बसविण्याची सोय आहे, तेथे भाताच्या खाचराशेजारी मोगऱ्याच्या ओळी दिसू लागल्या आहेत. भात वर्षातून एकदा पैसा देतो, तोही पाऊस दगा देणार नसेल तर. मोगरा हंगामात रोजचा रोज पैसा देतो. मुलाची फी, म्हाताऱ्याचे औषध, किराणा दुकानाची उधारी, हे सारे त्या पांढऱ्या कळ्यांवर भागते.

पण ती कळी हातात येते कशी, हे एकदा पहाटे उठून पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावयाचा, पाने झडू द्यावयाची, मग छाटणी, मग खत आणि पुन्हा पाणी. नवी फूट येते, तिच्या टोकाला कळ्या धरतात. कळी पोखरणारी अळी डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते. (हे तेल मुलांवर पाळत ठेवण्यापेक्षा इकडे जास्त कामी येते!) मार्चपासून बहर जोर धरतो आणि मग घरातल्या बायकांना झोप नसते. मोगरा रात्री उमलतो. उमललेल्या फुलाला बाजारात किंमत नाही, कारण त्याचा गजरा गुंफता येत नाही. म्हणून टपोरी, पांढरीशुभ्र, पण मिटलेली कळीच खुडावी लागते, आणि तीही ऊन चढण्याच्या आत. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, वाकून, एकेक कळी. एक किलो भरण्यासाठी अशा हजारो कळ्या लागतात. मग ओल्या फडक्यात बांधलेले बोचके जीपने किंवा आसनगावहून लोकलने कल्याणच्या फूलबाजारात, नाहीतर थेट दादरला. तेथे अडत्या भाव सांगतो. गुढीपाडवा किंवा लग्नाची दाट तिथी असेल तर भाव बरा, आणि दुसऱ्याच दिवशी आवक वाढली की खुडणाऱ्या बाईची मजुरीही सुटत नाही. कळी तर उद्यापर्यंत थांबत नाही. संध्याकाळी ती आपली उमलते आणि संपते.

पाण्याचे दुखणे वेगळेच. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबई पिते. एप्रिल-मे महिन्यांत, मोगरा ऐन बहरात असताना, त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट पाहत बसलेले असतात. मोगऱ्याची बाग उभी आहे म्हणजे कोणीतरी पाण्यासाठी फार कष्ट उपसले आहेत, असे खुशाल समजावे.

अशा घरातला मुलगा पहाटे आईने खुडलेल्या कळ्यांचे बोचके बाजारात पोहोचवितो आणि मुलीला आपले मन कळवावयाचे म्हटले की मावळातून आलेला बिनवासाचा गुलाब त्याच बाजारात चढ्या भावाने विकत घेतो. पिकते तेथे विकत नाही, अशी म्हण आहे. येथे तर पिकते तेथे कोणी पाहतसुद्धा नाही. मोगरा दिला तर मुलगी हसेल, गावंढळ म्हणेल, असे एका तरुणाने मला तोंडावर सांगितले. म्हणजे आईच्या हातचे फूल प्रेयसीच्या हातात देण्याची त्याला लाज वाटते. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली दुःखाची जागा ही आहे. लाल गुलाबाच्या दांड्याबरोबर आपण त्याच्या हातात ही लाजही नकळत देत असतो.

ही लाज त्याने एकट्याने कमावलेली नाही. आपण समाज म्हणूनही तिला खतपाणी घातले आहे. वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या पूर्वजांनी फुलांची शेती केली. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादर गाठणाऱ्या आयाबायांनी घरे उभी केली, मुले शिकविली, त्यांतले काही धर्मगुरूही झाले. आपल्या आज्या अंबाड्यात फूल माळीत. पुढे केव्हातरी गजरा म्हणजे अख्रिस्ती किंवा गजरा म्हणजे तमाशातला, अशी समजूत आपल्यात शिरली. एके काळी आपल्याच काही शाळांच्या फाटकाशी मुलींच्या केसांतले फूल उतरवून घेतले जाई. आणि आज? आज कित्येक चॅपलांच्या वेदीवर बारमाही प्लॅस्टिकची फुले धूळ खात उभी असतात. शेजारच्या बांधावर मोगरा वाळून जातो आणि आपण पवित्र मरियेच्या पायांशी कारखान्यातला पुष्पगुच्छ ठेवतो. प्लॅस्टिकच्या फुलांनी फूल उत्पादकांचे होणारे नुकसान २०२५ साली राज्याच्या विधानसभेतही चर्चेला आले. बंदी येवो न येवो. वेदीवरचा तो गुच्छ काढून टाकण्यासाठी आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

मोगरा हिंदूंचा, असे मानणाऱ्यांनी आपला आद्य ग्रंथ उघडावा. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात मराठी भाषेची थोरवी सांगण्याची वेळ आली, तेव्हा फुलांमधली श्रेष्ठ म्हणून उपमेला त्यांनी घेतली ती मोगरी. ते गुलाबांच्या देशातून आले होते! गुलाबाची उपमा त्यांना सहज सुचली असती. पण ज्या माणसांशी त्यांना बोलावयाचे होते, त्यांच्या परसात काय फुलते हे त्यांनी आधी पाहून घेतले. मी ज्याला निवड म्हणतो ती ही.

येथे १४ फेब्रुवारीचाच एक दाखला देतो. व्हॅलेंटाइनचे नाव दिनदर्शिकेतून गळल्यानंतर त्या दिवशी ख्रिस्तसभा संत सिरिल आणि संत मेथोडियस ह्या भावांचा सण पाळते. नवव्या शतकात हे दोघे स्लाव्ह लोकांत गेले. त्यांच्या बोलीला लिपी नव्हती, ती त्यांनी घडविली. शुभवर्तमान आणि उपासना त्या बोलीत आणली. देवाची भक्ती अशा अडाणी भाषेत होऊ शकत नाही, असे म्हणणारे त्या काळीही होते. मेथोडियसला तर त्यांच्यामुळे तुरुंगवास भोगावा लागला. सिरिल ८६९ साली रोममध्ये १४ फेब्रुवारीलाच वारले, म्हणून तो दिवस त्यांचा. माणसाने आपल्या जिवाचे बोल आपल्या भाषेत बोलावेत, ह्यासाठी झिजलेल्या दोन संतांच्या दिवशी आपली मुले इंग्रजी छापाचे कार्ड आणि उसना गुलाब शोधत फिरतात. आणि आपण त्यांना ह्या दोन भावांविषयी चकार शब्द न सांगता नुसतेच रागावतो.

येथे कोणी म्हणेल, “फादर, फेब्रुवारीच्या मध्यावर तुमचा मोगरा असतो कोठे?” प्रश्न रास्त आहे. त्या सुमारास बागेत जेमतेम पहिल्या कळ्या धरू लागलेल्या असतात आणि ज्या थोड्या बाजारात येतात त्या महाग असतात. त्या दिवसांत माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या वाटेपर्यंत फुललेला असतो तो पळस, आणि सावर. पळस घरी नेऊन फुलदाणीत ठेवण्याचे फूल नव्हे. त्याखाली जाऊन उभे राहावे लागते. नवऱ्याने बायकोला घेऊन एका रविवारी मिस्सानंतर त्या वाटेने चालत जावे. एवढे कोणी केले तरी मला पुष्कळ वाटेल. आमच्या कातकरी बांधवांची कितीतरी कुटुंबे तर त्या वेळी घराला कडी घालून वीटभट्टीवर गेलेली असतात. नवराबायको दोघेही चिखलात. त्यांना कोणत्या तारखेला कोणते फूल द्यावे, हे सांगण्याचे धाडस बाजारानेही अजून केलेले नाही.

फुलाला स्वतःची वेळ असते, हे ख्रिस्ती माणसाला नव्याने शिकवावे लागू नये. प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांनी सजविण्यास उपासनेच्या नियमांनी मनाई केली आहे. चौथा रविवार आणि मोठे सण एवढाच अपवाद. २०१८ आणि २०२४ ह्या दोन वर्षी तर राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच आला होता. कपाळावर राख आणि हातात गुलाब, अशी मुलांची त्रेधा उडाली. काही ठिकाणी त्यावरून बरेच वाजले. मी त्या मुलांना एवढेच म्हणालो की, थोडे थांबा. चाळीस दिवस रिकाम्या वेदीकडे पाहिल्यावर पुनरुत्थानाच्या पहाटे तिच्यापाशी जे फूल दिसते, त्याचा आनंद बारमाही प्लॅस्टिकवाल्याला कधीच कळत नाही. ईस्टर येतो मार्च-एप्रिलमध्ये. मोगराही नेमका त्याच वेळी भरात येतो. प्रभूच्या कबरीकडे पहाटेच्या अंधारात प्रथम गेल्या त्या सुगंधी द्रव्ये घेतलेल्या स्त्रियाच होत्या, आणि आपल्याकडे त्याच वेळी बागेत वाकलेल्या असतात त्याही स्त्रियाच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. १४ फेब्रुवारीला ज्याला गुलाब द्यावयाचा त्याने खुशाल द्यावा, मात्र आधी तिला काय आवडते ते विचारून. तिला सोनचाफा आवडत असेल, अबोली आवडत असेल, कदाचित फुलांपेक्षा तिला घागरभर पाणी कोणी आणून दिलेले अधिक आवडत असेल. पुरुषमंडळींनी मात्र ईस्टरच्या पहाटे घरी जाताना एक गजरा न्यावा. आमच्या धर्मग्रामापासून जवळच मोगऱ्याची बाग असलेल्या एका शेतकऱ्याशी मी बोललो आहे. तो ख्रिस्ती नाही, पण आपला सण त्याला ठाऊक आहे. तो म्हणाला, “फादर, किती किलो लागतील ते आठ दिवस आधी सांगा. कल्याणला माल जाण्याआधी तुमचा बाजूला काढून ठेवतो. भाव कल्याणचाच लावीन, पण घासाघीस करू नका.” वेदीसाठी किती लागेल ते मी त्याला सांगितले आहे. घरांसाठीचा आकडा सांगावयाचा राहिला आहे. मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी वही ठेवलेली असेल, तिच्यात ज्याने त्याने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. बायकोकडून लिहवून घेतलेली नावे धरली जाणार नाहीत.